‘पस्तीस वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार?’

पत्र :

नमस्कार. मी डोंबिवली पूर्वेला चार मजली, चोवीस फ्लॅटच्या सोसायटीत राहते. इमारत १९९० ची आहे, आम्ही तीन वर्षांपूर्वी इथे फ्लॅट घेतला. यंदा पावसाळ्यात जिन्याखालच्या कॉलमचं प्लास्टर फुगून पडलं आणि आतली गंजलेली सळई उघडी पडली. वार्षिक सभेत मी म्हटलं, स्ट्रक्चरल ऑडिट करून घेऊ या. त्यावर जे ऐकावं लागलं ते घरी येऊन वहीत उतरवलं. “वहिनी, तुम्ही परवा आलात, आम्ही पाया भरताना पाहिलाय.” “पस्तीस वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार?” “आज ऑडिट, उद्या रिडेव्हलपमेंट, परवा बिल्डर आपल्याला रस्त्यावर आणणार.” “माझे मेहुणे इंजिनियर आहेत, ते म्हणाले इमारत ठणठणीत आहे.” “आधी इमारत धोकादायक आहे हे सिद्ध करा, मग ऑडिटचे पैसे मागा.” “तुम्ही स्वतः ग्रिलसाठी बीमला भोकं पाडलीत त्याचं काय?” “म्हणजे आम्ही सगळे मूर्ख?” आणि खजिनदार म्हणाले, “पेन्शनवर जगणाऱ्यांनी वर्गणी कुठून आणायची?”

मी यूट्यूबवर तर्कदोषांवरचे व्हिडिओ पाहिले. वहीतल्या प्रत्येक वाक्यापुढे दोषाचं नाव लिहिलं. सोसायटीच्या ग्रुपवर एकदा घाटकोपरला पडलेल्या इमारतीचा व्हिडिओ टाकला. चेअरमन काकांनी टोमणा मारला तेव्हा लिहिलं, “काका, ही अॅड होमिनेम फॅलसी आहे.” (म्हणजे मुद्दा सोडून माणसावर टीका करण्याचा दोष.) काकांचं उत्तर आलं, “इंग्रजी छान आहे वहिनी.” खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. सभेत मला काही सुचत नाही, आणि सुचलं तर असं होतं. दोष ओळखता येऊन उपयोग काय? आणि खरं सांगा, चुकतंय कोण?

— एक वाचक

उत्तर :

तुमची वही मला फार आवडली. सभेतून लोक रागावून घरी येतात, तुम्ही वाक्यं घेऊन आलात. त्यातल्या एका वाक्यापुढचा दोष तुम्ही चुकीचा लिहिलाय, ते पुढे सांगतेच.

आधी ग्रुपवरचा प्रसंग. तिथे तुम्ही हरलात, आणि हरण्यासारखंच बोललात. काकांनी काय चुकीचं मांडलं हे त्या तेवीस घरांना तुमच्या वाक्यातून कळलंच नाही. कळलं एवढंच, की नव्या वहिनी काकांच्या बोलण्याला काहीतरी नाव ठेवतायत. दोषाचं नाव ही परीक्षकाची भाषा आहे आणि सोसायटीत तुम्हाला परीक्षक कोणी नेमलेलं नाही. नाव मनात ठेवा, तोंडावर आणू नका. तोंडावर काय आणायचं तर समोरच्याने जे वाक्य गिळलं ते.

प्रत्येक युक्तिवादात एक म्हणणं असतं, एक कारण असतं आणि त्या दोघांना जोडणारं तिसरं वाक्य असतं. ते बहुतेक वेळा कोणी बोलतच नाही. गडबड तिथेच दडलेली असते. ते वाक्य शोधायचं आणि प्रश्न म्हणून, शक्य तितक्या साध्या आवाजात, सभेपुढे ठेवायचं.

“पस्तीस वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार?” हे तुमच्या वहीतलं सगळ्यात दमदार वाक्य आहे, म्हणून त्यावर थोडं थांबू. इथे गिळलेलं वाक्य असं : ‘इमारतीत जे बिघडतं ते वयाबरोबर वाढत नाही, आजवर टिकली म्हणजे उद्याही टिकेल.’ काही बाबतीत हा तर्क चालतो. रोज वेळेवर येणारा दूधवाला उद्याही येईल, असं आपण मानतोच. पण काँक्रीटच्या पोटात पस्तीस वर्षं काय चालतं ते पाहा. ताजं काँक्रीट खूप अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ ते १३ असतो. त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेरून हळूहळू आत मुरतो, तसतसं काँक्रीट आपली अल्कधर्मी ताकद गमावत जातं. पीएच ९ च्या आसपास उतरला की सळईवरचा तो थर टिकत नाही, आणि ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं. त्या फुगवट्याने वरचं काँक्रीट तडकतं आणि पोपडा सुटतो. तुमच्या जिन्याखाली पावसाळ्यात जे पडलं ते यातलं शेवटचं, डोळ्यांना दिसणारं प्रकरण असण्याची शक्यता बरीच आहे. त्याआधीचं सगळं गुपचूप चालतं.

म्हणजे ‘पस्तीस वर्षं’ हे चेअरमन काकांनी आपल्या बाजूने ठेवलेलं कारण खरं तर तुमच्या बाजूचं आहे. हे सभेत रसायनशास्त्राचा तास घेऊन सांगू नका. एवढंच विचारा : “काका, सळईचा गंज वर्षागणिक वाढतो की तेवढाच राहतो?” याला ‘तेवढाच राहतो’ असं उत्तर कोणी देणार नाही. जमलं तर ऑडिट करणाऱ्या इंजिनियरला सांगा, की कार्बोनेशनची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड किती आत मुरलाय याची, चाचणी सभासदांसमोर करा. काँक्रीटचा ताजा फोडलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फथॅलिनचं द्रावण मारतात. काँक्रीट जिथे अजून चांगलं आहे तिथे ते गडद गुलाबी होतं आणि जिथे कार्बन डायऑक्साइड मुरला आहे तिथे रंगच येत नाही. रंग न आलेला पट्टा सळईपर्यंत पोचलाय की अलीकडेच थांबलाय, हे पहिल्या मजल्यावरच्या आजींनाही चष्म्याशिवाय दिसेल.

आता तुमची पाळी. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ ला पडली, १७ माणसं गेली. तो व्हिडिओ टाकून तुम्ही लोकांना काय सांगितलंत? तुम्ही गिळलेलं वाक्य असं : ‘ती पडली म्हणून आपलीही पडेल.’ तिथे तळमजल्यावर चाललेल्या कामात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला होता. तुमच्याकडे तसं काही चाललं आहे का? महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ जण दगावले. तिला धड दहा वर्षंही झाली नव्हती. या दोन इमारती शेजारी ठेवल्या की ‘जुनी म्हणून पडते’ हेही सुटतं आणि ‘टिकली म्हणून टिकेल’ हेही. तुमच्या कॉलमबद्दल त्या व्हिडिओत एक अक्षर नाही. त्यातून फक्त भीती पोचली, आणि घाबरलेली माणसं वितळत नाहीत, आणखी घट्ट बसतात. काकांचा टोमणा त्या व्हिडिओनंतरच आला ना? माझा तरी तसा अंदाज आहे.

उघडी पडलेली ती एक सळईही जपून वापरा. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. जिन्याखालच्या कॉलमला मात्र शेजारच्या टाकीची ओल मिळाली असेल, वरच्या न्हाणीघरातून गळती आली असेल. पलीकडचा कॉलम कोरडा ठणठणीत निघू शकतो. “सळई दिसतेय म्हणजे इमारत गेली” असं म्हणालात, तर तुम्हीही काकांच्याच पंक्तीला बसलात. “सळई दिसतेय म्हणजे तपासायला कारण आहे” एवढं म्हणा. ते खोडून काढणं कठीण.

तपासणीच्या नावाने लोक इतके का बिथरतात, याचं उत्तर मला “आज ऑडिट, उद्या रिडेव्हलपमेंट” या वाक्यात दिसतं. मराठी माणसाला हा तर्क आईच्या दुधाबरोबर मिळतो : म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. पहिली गोष्ट होऊ दिली की दुसरी आपोआप होणार, तिसरी तर ठरलेलीच. याला सरसकट तर्कदोष म्हणायला मी तयार नाही. काळ खरोखर सोकावतो कधीकधी. जुन्या इमारतींचे ऑडिट अहवाल मुंबईत मालक आणि भाडेकरू एकमेकांविरुद्ध वापरत आले आहेत. एकाच इमारतीचे दोन उलटसुलट अहवाल येतात, म्हणून त्यांची छाननी करायला महापालिकेला तांत्रिक सल्लागार समिती ठेवावी लागली. तेव्हा काकांच्या भीतीला हसू नका. फक्त विचारा, की एका पायरीवरून दुसरीवर जायला कोणाची सही लागते? ऑडिटचा अहवाल आला म्हणून रिडेव्हलपमेंट होत नाही. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाचा निर्णय त्यासाठीच बोलावलेल्या विशेष सर्वसाधारण सभेत घ्यावा लागतो आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. म्हणजे मधे एक दार आहे आणि त्याची चावी याच चोवीस घरांकडे आहे. ठरावाच्या मसुद्यातच एक ओळ घाला : ‘हा ठराव केवळ तपासणीपुरता आहे.’ भीतीला असं कागदावर उत्तर मिळालं की ती निम्मी होते.

याच भीतीच्या पोटात आणखी एक गैरसमज आहे, जो कोणी बोललं नाही पण तुमच्या वहीतल्या निम्म्या वाक्यांखाली आहे : इमारत एक तर ठणठणीत, नाहीतर पाडायची. म्हणजे ऑडिट करणं म्हणजे पाडायला निघणं. महापालिका जुन्या इमारतींचं वर्गीकरण करतात त्यात चार खाने असतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहायला अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. हे चार खाने एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सभेच्या आधी नोटीस बोर्डवर लावा, सेक्रेटरींना विचारून. दोनच वाटा आहेत असं वाटणाऱ्या माणसाला मधल्या दोन दाखवण्यासारखं परिणामकारक उत्तर नाही, आणि त्यासाठी एक शब्द वाद घालावा लागत नाही.

‘धोकादायक’ या शब्दावर तुमची सभा चांगलीच घसरलेली दिसते. तुम्ही म्हणालात ‘धोका आहे का ते बघू’, समोरच्यांनी ऐकलं ‘इमारत धोकादायक ठरवायची आहे’. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, या चलाखीला छल म्हटलं आहे आणि त्याचे तीन प्रकार दिलेत. पहिला वाक्छल, आणि त्याचं भाष्यातलं उदाहरण भारी आहे : कोणी म्हणतो ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे याच्या अंगावर नवी कांबळी आहे. समोरचा ‘नव’चा अर्थ नऊ घेतो आणि विचारतो, कुठे आहेत नऊ, एकच तर दिसतेय! इतक्या शतकांनंतर डोंबिवलीच्या गच्चीवर तेच चाललंय. यावर उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. शब्द बदला. ‘धोका’ पूर्ण सोडून द्या आणि ‘तपासणी’ म्हणा, शेवटपर्यंत तेच म्हणा.

“म्हणजे आम्ही सगळे मूर्ख?” हाही त्याचाच चुलतभाऊ. तुम्ही न बोललेलं वाक्य तुमच्या तोंडी घालायचं आणि मग त्याला झोडपायचं. साप साप म्हणून भुई धोपटणं ते हेच. इथे चिडून “मी असं कधी म्हटलं?” असं विचारलंत की पुढची दहा मिनिटं ‘कोण काय म्हणालं’ यात जातात आणि सळई राहते बाजूला. आपल्याकडे जुन्या वादपद्धतीत आधी पूर्वपक्ष मांडायची शिस्त होती. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखवायचं, मग आपलं. सभेत म्हणून बघा : “काका, तुमचं म्हणणं असं आहे ना, की इतकी वर्षं कमिटीने इमारत सांभाळली, वेळच्या वेळी गच्ची केली, आणि आता कोणी नवीन येऊन शंका घेतंय हे बरं वाटत नाही?” ते मान हलवतील. एकदा मान हलली, की त्याच माणसाला दोन मिनिटांनी ‘तुम्ही आम्हाला मूर्ख म्हणालात’ असं म्हणता येत नाही.

“आधी सिद्ध करा, मग ऑडिट” हे मात्र मला वहीतलं सर्वांत देखणं वाक्य वाटलं. सिद्ध करायला ऑडिट लागतं आणि ऑडिटला आधी सिद्ध करावं लागतं. याला अन्योन्याश्रय म्हणतात. दोघं एकमेकांच्या खांद्यावर उभे, जमिनीवर कोणीच नाही. विचारा : “ऑडिटशिवाय कशाने सिद्ध होईल ते सांगा, मी ते आणते.” मग गप्प बसा. खरोखर गप्प बसा, शांतता भरून काढायची घाई करू नका.

बाकीची वाक्यं भराभर घेते.

मेहुणे कसले इंजिनियर आहेत? मेकॅनिकल असतील तर त्यांचं मत तुमच्या-माझ्या मताइतकंच. सिव्हिल असले तरी चहाला आले असताना भिंतीवर टिचकी मारून दिलेलं मत म्हणजे तपासणी नव्हे. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ सेल अशा चाचण्या असतात, त्यांचे आकडे अहवालात लिहिलेले असतात आणि खाली सही असते. “मेहुणे अहवाल लिहून सही करतील का?” एवढं पुरे. ते महापालिकेच्या यादीतले नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियर असतील तर आनंदच आहे, फक्त ते काम नात्यात नको.

बीमला भोकं. पाडलीत ना? मग लगेच कबूल करा. “हो, पाडली आहेत. ऑडिटमध्ये तेही येऊ दे, दुरुस्ती माझ्या खर्चाने.” ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण सांगणाऱ्याच्या वागण्याबद्दल बोलते, ब्रह्मज्ञान खोटं आहे असं ती कुठेही म्हणत नाही. पण हे सभेत म्हणू नका, चिडतील.

“परवा आलात” याला उत्तरच देऊ नका. तुम्ही सभासद आहात, शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव आहे, विषय संपला. “सगळ्यांना हेच वाटतं” असंही पुढच्या सभेत येईल, तयारी ठेवा. काय करायचं ते बहुमताने ठरतं, सळई गंजली की नाही ते ठरत नाही. “तीन वर्षांपूर्वीच रंगावर एवढे लाख घातले” हेही येईल. ते पैसे ऑडिट केलं तरी परत येणार नाहीत आणि नाही केलं तरी नाहीत. समोरच्या सोसायटीने ऑडिट केलं आणि तिथे दोन गट पडले, अशी एखादी कथा निघाली, तर कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली का, की ते आधीपासूनच भांडत होते, याची चौकशी आधी करून ठेवा.

एक प्रश्न तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर विचारलाय : वॉटरप्रूफिंगचं काम दरवेळी सेक्रेटरींच्या भाच्याला मिळतं, हे सभेत काढलं तर ती व्यक्तिगत टीका होईल का? सेक्रेटरी म्हणाले असते ‘दोन अधिक दोन चार’, तर त्यांचा भाचा काय करतो हे विचारणं फालतूपणा ठरला असता. पण ते ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणत असतील, तर त्यांचा यात काही फायदा आहे का हा प्रश्न रास्त आहे. यूट्यूबवाले हा फरक सांगत नाहीत आणि माणसं उगाच पापभीरू होतात. तरीसुद्धा भाच्याचं नाव घेऊ नका. “किमान तीन कोटेशनं मागवू आणि तिन्ही सभेपुढे ठेवू” असं म्हणा. ज्याला समजायचं त्याला समजेल.

आता ते चुकीचं लेबल. खजिनदार म्हणाले, “पेन्शनवर जगणाऱ्यांनी वर्गणी कुठून आणायची?” तुम्ही पुढे लिहिलंत : ‘करुणेला आवाहन’. खोडा ते. तुमच्या अख्ख्या वहीत हे एकच वाक्य आहे ज्यात काहीही गिळलेलं नाही. त्यांना दया नको आहे, त्यांना आकडा हवा आहे. इमारत कशी आहे या प्रश्नाला ते उत्तर देतच नाहीत, ते दुसराच, तितकाच खरा प्रश्न विचारतायत : खर्च कोण करणार? आणि मला दाट शंका आहे, की बाकीची सगळी वाक्यं याच प्रश्नाच्या आडोशाला उभी आहेत. ‘परवडत नाही’ असं चारचौघांत म्हणवत नाही, म्हणून माणूस ‘पाया भरताना पाहिलाय’ म्हणतो. तुम्ही पायाबद्दल वाद घालत बसता, आणि अडतंय तिथे तुमचा हातच पोचत नाही.

तेव्हा पहिली भेट खजिनदारांची. त्यांना विचारा, दुरुस्ती निधीत किती आहेत आणि सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीत, किती. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठी आखून दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीला आणि पाव टक्का सिंकिंग फंडाला जमा व्हायला हवा. पस्तीस वर्षांचा हिशोब आहे, काहीतरी असेल. ऑडिटची फी आणि दुरुस्तीचा खर्च या दोन रकमा वेगळ्या लिहून काढा. लोक सरसकट दुसरी धरून पहिलीला नाही म्हणतात. चोवीस फ्लॅटमध्ये फी वाटली तर प्रत्येकी किती, हा आकडा तीन कोटेशनं आल्यावर खजिनदारांच्याच तोंडून सभेत यावा. तुमच्या तोंडून आला तर तो युक्तिवाद होतो, त्यांच्या तोंडून आला तर हिशोब.

कायद्याचं मी मुद्दाम उशिरा काढतेय, कारण आधी सांगितलं असतं तर तुम्ही पुढचं वाचलंच नसतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरकडून तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि तीस वर्षांवरच्या इमारतीला तीन वर्षांतून एकदा ऑडिट सांगितलं आहे. तुमच्या सोसायटीने कुठली उपविधी स्वीकारली आहे ती प्रत मागून बघा. म्हणजे ‘करायचं का’ हा विषय मुळात सभेच्या हातात फारसा नाही. ‘कोणाकडून, केव्हा, किती पैशांत’ एवढाच आहे. पण हा कागद पहिल्याच वाक्यात टेबलावर आपटलात, तर तेवीस घरांशी कायमचं वाकडं येईल, आणि राहायचं तर तिथेच आहे. शिवाय कायदा तपासा म्हणतो, इमारत वाईट आहे असं म्हणत नाही. त्याच्या जोरावर नको तेवढं सिद्ध करायला जाऊ नका.

चुकतंय कोण, असं तुम्ही विचारलंत. तपासणी करायला हवी, हे तुमचं बरोबर. इमारत खराब आहे, हे अजून कोणालाच माहीत नाही, तुम्हालाही नाही. आणि कमिटीचे युक्तिवाद पोकळ आहेत म्हणून त्यांचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. उद्या ऑडिट होऊन इमारत सी-३ मध्ये बसली, तर काकांचं ‘ठणठणीत आहे’ हे चुकीच्या कारणांनी का होईना, खरं ठरेल. त्या दिवशी पेढे वाटायची तयारी असेल तरच या भानगडीत पडा.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. खरं काय ते शोधायला केलेला तो वाद, जिंकायला केलेला तो जल्प, आणि आपलं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं ती वितंडा. तुमची सभा जल्पात होती. तुमचा ग्रुपवरचा मेसेज, राग मानू नका, वितंडेत गेला. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत, विमानस्थान नावाच्या विभागात, वैद्यांना याहून व्यवहारी सल्ला आहे. बोलायच्या आधी समोरची परिषद बघा : जाणती आहे की अजाण, आणि मनाने मित्र आहे, तटस्थ आहे की आधीच विरोधात बसलेली आहे. विरोधात बसलेल्या परिषदेपुढे वाद घालूच नका, असं चरक सांगतात. चोवीस घरांपैकी तटस्थ किती असतील? माझ्या मते निम्म्याहून जास्त. ती माणसं सभेत मान खाली घालून मोबाइल बघत होती, आठवा. त्यांच्याकडे एकेकट्याने जा, संध्याकाळी, चहाच्या वेळेला. सभेत सुचत नाही ही तक्रारही तिथेच मिटेल, कारण तिथे सुचायची घाई नसते.

मग सेक्रेटरींना लेखी पत्र द्या, पोच घ्या. मजकूर एवढाच : ‘पुढील सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा : इमारतीची स्ट्रक्चरल तपासणी करून घेण्यासाठी महापालिकेच्या यादीतील तीन नोंदणीकृत इंजिनियरांकडून कोटेशन मागवणे. हा ठराव केवळ तपासणीपुरता आहे.’ कॉलमचा तारखेसह फोटो जोडा. घाटकोपर नको, महाड नको. सभेत ठराव फेटाळला गेला तर आवाज चढवू नका. फेटाळण्याचं कारण इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्यायला सांगा आणि इतिवृत्ताची प्रत मागा. ‘मेहुणे म्हणाले’ हे लिहून खाली सही करायला सेक्रेटरी कितपत तयार होतात, ते मला कळवा. तिथेही अडलं, तर तीच प्रत जोडून प्रभाग कार्यालयाला आणि सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांना अर्ज करता येतो. अर्जात तर्कदोष हा शब्द नको.